धारूरच्या घाटात ब्रेकची नवी नळी

मंडळी, आत्ताच घरी आलोय. मी जहागीरदारांचा ड्रायव्हर. सकाळी त्यांच्या मोटारीला ब्रेकची नवी नळी बसवली, तेल भरलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. जहागीरदार म्हणाले, "पूजा झाली. आता देवीच्या देवळापर्यंत मोटार थांबवायची न्हाई." म्हणून मी ब्रेक दाबून बघितलाच न्हाई.

धारूरच्या घाटात, उतारावर, पहिल्यांदा दाबला. पाय थेट तळाला गेला! नळीत हवा राहिली होती, तेलाचा दाब चाकापर्यंत पोचलाच न्हाई. एका बाजूला दरी. मी मोटार डोंगराला घासत नेली, तवा कुठं थांबली.

मागं झोपलेले जहागीरदार दचकून उठले. "कावून थांबलास बे? पूजा मोडली की! उद्या नवं लिंबू ठेव अन् न थांबता घाट उतर."

लई भ्या वाटतंय. तुमच्यापैकी कुणी जहागीरदाराला 'न्हाई' म्हणून बघितलंय का?