इझोलिनाची जेवणाची खोली

रोक्कामेला गावात येऊन कुणी रोमन घराची किल्ली कुठे मिळेल असं विचारलं, की मी काउंटरमागून हातानेच दाखवतो. चर्चच्या खालच्या अंगाला, हिरव्या दाराचं घर, इझोलिना. बघून झालं की कॉफी प्यायला इकडेच या, हेही सांगतो. बार चालवतो मी, धर्मशाळा नाही.

इझोलिनाचं त्या घराशी नातं तिच्या जन्माआधीचं. तिच्या वडलांनी द्राक्षाचे वेल लावायला खड्डे खणायला घेतले आणि पहारीखाली काळ्यापांढऱ्या खड्यांची फरशी लागली. शेजारी म्हणाले, मुकाट्याने माती लोट आणि वेल लाव. त्यांनी ऐकलं नाही. शेवटी जमीन सरकारने घेतली, वेल राहिले बाजूला, आणि फाटकाची किल्ली सांभाळायचं काम त्या घराण्याकडे आलं. वडलांनंतर ते इझोलिनाकडे आलं.

शेजारीण बाहेर गेली असताना तिचं घर दाखवावं, तशी इझोलिना ते घर दाखवते. गुडघ्याएवढ्या भिंती उरल्यात, पण ती दारातूनच आत शिरते, भिंत ओलांडलेली तिला चालत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या मालकिणीशी तिचं जुनं वाकडं. "बाईला स्वयंपाकातलं काही कळत नव्हतं," ती पाहुण्यांना सांगे. "चूल बघा कुठे घातलीय. सगळा धूर निजायच्या खोलीत. आणि कंजूष इतकी, की नोकरांना वर्षभर मसूर आणि कोबी." हे तिला कुणी सांगितलं, असं विचारायची कुणाची छाती नव्हती.

पण तिचा खरा जीव जेवणाच्या खोलीत. घरातली ती सगळ्यात चांगली राहिलेली खोली. तीन भिंतींना लागून खोल चर आणि त्याच्या पुढे फरशीत कोरलेली अरुंद पन्हळ. रोमन लोक तीन बाजूंना आडवे होऊन जेवत, असं आमच्या जुन्या शाळामास्तरांनी कुठेतरी वाचलं होतं. तीन बाजू दिसल्या, झाली जेवणाची खोली. बाकीचं इझोलिनाने भरलं. मागच्या चरातून झऱ्याचं पाणी खेळायचं आणि त्यात दारूच्या सुरया गार व्हायच्या. पुढच्या पन्हळीत पाहुणे जेवणाआधी बोटं धुवायचे. यातूनच गावची रीत पडली. ऑगस्टच्या मध्यावर मारियामातेच्या सणाला सगळं गाव दुपारी त्या खोलीत आणि खोलीभोवती टेबलं मांडून जेवतं. पन्हळीत पाणी सोडायचं, वर तुळशीसारख्या वासाची आमची बाझिलिकोची पानं टाकायची, आणि प्रत्येकाने बोटं बुडवून मगच पानावर बसायचं. इझोलिना आणि नझारेनो यांच्या लग्नाची पंगतही तिथेच उठली. नझारेनो गेला त्याला बरीच वर्षं झाली, पण त्या सणाला ती अजून त्याच्या नावाचा एक पेला भरते.

पलीकडच्या व्हाल्सेरा गावच्या गास्पेरोला हे सगळं खुपायचं. चीजचा व्यापारी, नाकाने कांदे सोलणारा. त्यांच्याकडे रोमन म्हणून एकच मैलाचा दगड, तोही मोडका. तरी दरवर्षी जेवायला पहिला हजर.

वसंतात विद्यापीठाकडून खोदकामाला डॉक्टरीणबाई आल्या. गोळ्या न देणाऱ्या डॉक्टर. नाव तुल्लिया, वय तिशीच्या आसपास, गुडघे कायम मातीचे. इझोलिनाने त्यांना पोटच्या मुलीसारखं खाऊपिऊ घातलं, म्हणून पुढचं तिला जास्त लागलं. सण आठवड्यावर आला असताना डॉक्टरीणबाई तिला घेऊन माझ्या बारमध्ये कोपऱ्यात बसल्या. मी पेले पुसत होतो. ऐकत नव्हतो असं मी म्हणणार नाही.

"मावशी, ती जेवणाची खोली नाही."

"मग काय आहे?"

"संडास आहे."

डॉक्टरीणबाईंनी हळूहळू समजावलं. चरावर भोकं पाडलेली दगडी बैठक होती, ते दगड पुढे कुणीतरी घरं बांधायला उचलून नेले. चर खालच्या गटाराला जोडलेला आहे, ते गटार त्यांनी आत्ताच उघडलं. पाणी वाहायचं, पण सुरयांसाठी नाही.

"आणि पुढची पन्हळ?" इझोलिनाने विचारलं.

"त्यात काठीला बांधलेला स्पंज बुडवायचे."

"कशासाठी?"

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कॉफीच्या यंत्राकडे पाहिलं.

इझोलिना उठली ती थेट नगराध्यक्ष रानिएरीकडे गेली आणि किल्ली त्याच्या टेबलावर ठेवून आली. ज्या बाईला जेवणाची खोली आणि संडास यातला फरक कळत नाही तिने लोकांना घर दाखवू नये, एवढंच म्हणाली. रानिएरी हादरला. सण तोंडावर आलेला, आसपासच्या गावांना आमंत्रणं गेलेली. त्याने खोलीचं खरं नाव लिहिलेला डॉक्टरीणबाईंचा नवा फलक गोणपाटात गुंडाळून ठेवायला लावला आणि आम्हाला बजावलं, झाकली मूठ सव्वा लाखाची, सण होऊ द्या, मग बघू. बारवाल्याला गप्प राहायला सांगणं म्हणजे काय, हे त्याला काय कळणार.

इझोलिनाने दार लावून घेतलं. पाहुणे आले की मी त्यांना कॉफी पाजून परत पाठवायचो. मला तिचा राग येत होता. इतकी वर्षं घर जिवंत ठेवलं ते काय एका खोलीसाठी?

सणाच्या आदल्या सकाळी डॉक्टरीणबाई हातात एक पत्र्याचं ताट घेऊन हिरव्या दाराशी गेल्या. मला साक्षीला नेलं, नाहीतर दार उघडलं नसतं. ताटात गटाराचा गाळ धुऊन, वाळवून पसरला होता. इझोलिनाने नाइलाजाने चष्मा लावला. अंजिराच्या बिया होत्या, द्राक्षाच्या, धन्याचे दाणे, माशांचे काटे. आणि काही बारीक जांभळट सुया होत्या, त्या तिला ओळखता येईनात.

"समुद्रात काटेरी गोळ्यासारखा एक जीव असतो, चैनीचं खाणं, त्याच्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खेचरावरून आणला तरी दोन दिवसांची वाट."

"मालकिणीसाठी आणला असेल."

"मालकिणीचं बसायचं वेगळं असणार, मावशी. इथे नोकर, गाडीवान, आल्यागेल्यांची माणसं. सगळी खांद्याला खांदा लावून. मध्ये भिंत नाही, पडदा नाही. बसल्या बसल्या गप्पा."

"म्हणजे गाडीवानाच्या पोटात समुद्र गेला?"

"गेला. उष्टा असेल, ताजा असेल, पण गेला."

इझोलिना बराच वेळ बोटाने त्या सुया इकडेतिकडे करत बसली. "आणि मी त्या बाईला जन्मभर कंजूष म्हणत आले," ती म्हणाली. मग तिच्या ओठाचा कोपरा हलला. "माझ्या लग्नात पाद्रीबाबांनी त्या पन्हळीत बोट बुडवून माझ्या कपाळावर क्रूस काढला होता." तिने मोठ्याने हसायला सुरुवात केली आणि हसता हसता रडली. नझारेनो असता तर खुर्चीवरून पडला असता, असं दोनदा म्हणाली. मला इतकं बरं वाटलं की मी तिच्या घरातली उरलेली सगळी बिस्किटं खाल्ली.

दुसऱ्या दिवशी टेबलं मांडली गेली, पन्हळीत पाणी सुटलं, पानं तरंगली. गास्पेरो बाह्या सारून रांगेत सगळ्यात पुढे, बोटं पन्हळीत. रानिएरी भाषण करणार तेवढ्यात इझोलिना खुर्चीवर चढली. त्याने तिला हाताने खाली उतरायला खुणावलं. तिने पाहिलंच नाही.

"गास्पेरो, बोटं काढ," ती म्हणाली. "आणि सगळ्यांनी ऐका. नकळत चुकीचं सांगितलं ते सांगितलं. कळल्यावर सांगणार नाही."

मग तिने सगळं सांगितलं. चर, बैठक, पन्हळ, स्पंज. काही लपवलं नाही, काठीसुद्धा. गास्पेरो आपल्या बोटांकडे बघत उभा होता.

मागून कुणीतरी विचारलं, मग जेवणाची खोली कुठे होती? इझोलिनाने डॉक्टरीणबाईंकडे बघितलं. त्यांनी अवघडून पश्चिमेच्या सपाट तुकड्याकडे बोट केलं. तिथेच आम्ही दर सणाला फिरते संडास उभे करतो. त्याही दिवशी चार उभे होते, आणि एकातून आमचे पाद्रीबाबा बाहेर येत होते.

पहिला गास्पेरो हसला. गुडघ्यावर हात ठेवून, श्वास लागेपर्यंत. त्याच्यापाठोपाठ सगळं गाव हसत सुटलं. पाद्रीबाबा कारण विचारत हिंडत होते आणि सांगायला कुणाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. रानिएरीने तेवढ्यात सावरून घेतलं, पुढच्या वर्षी टेबलं खऱ्या खोलीत नेऊ म्हणाला.

"तिथे म्हणे नऊच माणसं बसायची," इझोलिना म्हणाली, "आणि तीही निवडून बोलावलेली. आपली सोय इथेच होते." यावर टाळ्या पडल्या. हात मात्र सगळ्यांनी नळावर धुतले.

पहिलं ताट वाढेपर्यंत फाटकाशी एक जोडपं येऊन उभं राहिलं. उत्तरेकडचे असावेत, उन्हाने लाल झालेले. आज घर बघता येईल का, असं त्यांनी चाचरत विचारलं. रानिएरीने खिशातून किल्ली काढली आणि इझोलिनाच्या पानाशेजारी ठेवली.

तिने तोंड पुसलं, किल्ली उचलली आणि त्यांना म्हणाली, चला, दारातून या, भिंत ओलांडू नका. ती चालायला लागली तसा गास्पेरो उठला. मग रानिएरी, मग पाद्रीबाबा, मग बायकापोरं. हे घर आम्ही पाळण्यात असल्यापासून बघत आलोय. तरी एक माणूस टेबलाशी राहिला नाही, मीसुद्धा वाफाळतं ताट तसंच टाकून निघालो.

जोडप्यातल्या बाईला मागे आलेली ही वरात बघून नवल वाटलं. तिने इझोलिनाला विचारलं, किती वर्षं झाली तुम्हाला हे घर दाखवायला?

"आजच सुरुवात करतेय," इझोलिना म्हणाली.