साडेआठची कडी

शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या वर्गात, शिकवणाऱ्याकडे धडे कमी आणि किस्से जास्त जमतात. कल्याणच्या आमच्या चर्चमध्ये दर रविवारी मी अकरा मुलांना शिकवतो. त्याआधी तीस वर्षं वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात सुपरवायझर होतो. तिथं वेळ झाली की गेट बंद! रिटायर झालो तरी ती खोड गेली नाही. साडेआठला मी वर्गाला आतून कडी लावायचो. उशिरा येणाऱ्यानं गाणी संपेपर्यंत बाहेर उभं राहायचं.

यंदाचा विषय होता ख्रिस्ताची करुणा. मी भिंतीवर तक्ता लावला. आठवड्यात कुणाला तरी मदत करायची, रविवारी सांगायचं आणि नावापुढे चांदणी मिळवायची.

*

पहिल्याच आठवड्यात आमचे पेटी वाजवणारे जॉनकाका तापानं पडले. झालं! दहा मुलं एकेक करून बिस्किटाचा पुडा घेऊन त्यांच्या उशाशी प्रार्थना करून आली.

तिसऱ्या दिवशी काकांचा फोन. "अरे, मी बरा झालोय रे! पोरांना सांग, आता दुसरा कोणी आजारी बघा!"

*

मग बायबलमधली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट घेतली. रस्त्यात जखमी माणूस पडलाय आणि देवळातला याजक त्याला बघून पुढे निघून जातो; मदतीला थांबतो तो परका शोमरोनी.

"का थांबला नसेल तो?" मी विचारलं.

छोट्या आशिषनं हात वर केला. "सर, थांबला असता तर साडेआठ वाजले असते ना!"

सगळे हसले. मीही हसलो, पण घरी जाईपर्यंत ते वाक्य काही डोक्यातून गेलं नाही.

*

शेरन मात्र दर रविवारी उशिरा. आत आली की मी विचारायचो, "या आठवड्यात काय केलंस?"

"काही नाही, सर."

तक्त्यावर तिची एकटीची ओळ कोरी. एकदा मी सगळ्यांसमोर बोललो, "अगं, करुणा राहू दे, निदान वेळेवर तरी ये!" आज आठवलं की लाज वाटते.

*

पुढे चर्चच्या पाळकसाहेबांबरोबर शेरनच्या घरी भेटीला गेलो. आजोबांना अर्धांगवायू झालेला. आई हॉस्पिटलात आया, रविवारी सकाळची ड्युटी.

आजोबा म्हणाले, "रविवारी हीच मला पेज भरवते, मग निघते. मी पडलो सावकाश खाणारा. तुम्ही रागावत नाय ना तिला, सर?"

मी निघताना शेरनला विचारलं, "वर्गात कधी सांगितलं का नाहीस?"

"ते घरचं काम आहे ना, सर!"

*

पुढच्या रविवारी ती कडी काढूनच टाकायची, म्हणून खिशात स्क्रूड्रायव्हर घालून निघालो. रिक्षा शिवाजी चौकात अशी अडकली की पोचायला पावणेनऊ झाले.

बघतो तर वर्गाचं दार सताड उघडं, आत चिटपाखरू नाही आणि अकराही मुलं बाहेर उन्हात उभी!

"अरे, आत का नाही बसलात?"

बाकीची शेरनकडे बघायला लागली. ती म्हणाली, "सर, आत कोणी बसलंच नाही, तर तुम्हाला उशीर कसा होईल?"