जनरेटरशेजारचं स्टूल

मोहन घाडी गेल्याचं त्याच्या धाकट्या भावानं, दत्तानं, फोनवर सांगितलं. "दादा गेला. सकाळी. झोपेतच." मी वर्तमानपत्राच्या कचेरीत होतो आणि सकाळची बैठक सुरू व्हायची होती. कधी नेणार ते विचारलं. दत्तानं वेळ सांगितली, आणि थोडं थांबून म्हणाला, "जनरेटरवाल्याला कळवायला पाहिजे रे... दादानं त्याला यंदाचं सांगून ठेवलंय." ज्या घरात अजून माणसंही जमली नव्हती, त्या घरातून आलेल्या फोनवर जनरेटरचा विषय का निघावा, ते मला कळलं नाही. धक्क्यात माणूस काहीही बोलतो, असं समजून मी फोन ठेवला.

मोहनला वाचकांपैकी फार थोडे ओळखत असतील. त्यानं आयुष्यभर विमा कंपनीत कारकुनी केली आणि तो लालबागच्या चाळीत राहिला. मात्र परळला एका शाळेच्या मैदानावर दर हिवाळ्यात तीन संध्याकाळी बँडवाल्यांचा जो महोत्सव भरतो, तो त्यानं सुरू केला आणि शेवटपर्यंत चालवला. बेंजो पार्ट्या, वरातीत वाजवणारे ब्रास बँड, दादरच्या कॉलेजांतली गिटारवाली मुलं, ठाकूरद्वारच्या वाडीत रविवारी जमून वाजवणारे नोकरदार, असे सगळे तिथे एकाच स्टेजवर येतात. महोत्सवाचा नियम एकच होता. ज्यांनी एकदा वाजवलं, त्यांना परत बोलवायचं नाही. मोहन तरुणपणी स्वतः बेंजो वाजवायचा. गणपतीच्या आधी मंडळामंडळांतून फिरायचा आणि सगळीकडून एकच उत्तर ऐकायचा, "आमचे ठरलेले आहेत." ठरलेले म्हणजे गेल्या वर्षीचेच, त्याच्या आदल्या वर्षीचेही तेच. शेवटी नोकरी लागल्यावर त्यानं बेंजो दत्ताला देऊन टाकला. महोत्सवाच्या पहिल्या बैठकीत तो म्हणाला होता, "आपल्याकडे ठरलेलं कोणी नसेल. नारळ घ्या, एकदा वाजवा, खाली उतरून दुसऱ्याचं ऐका." त्या बैठकीत मीही होतो. नियमाची भाषा मीच नीट करून दिली.

पहिल्या वर्षी पथकं मिळेनात, म्हणून शेवटच्या संध्याकाळी शेवटी दत्ताची पार्टी ठेवली. जनरेटर आणूया, असं मंडपवाला सांगत होता. मोहन म्हणाला, कशाला, शेजारच्या इमारतीतून लाइन घेऊ. दत्ताची दोन गाणी झाली. तिसऱ्याला त्यानं बेंजोवर पहिली ओळ छेडली आणि मैदान काळोखात गेलं. फ्यूज उडाला होता. तो शोधून, तार बांधून दिवे येईपर्यंत दहा वाजले, आणि दारावर उभ्या असलेल्या हवालदारानं घड्याळ दाखवलं. लोक उठून गेले होतेच. दत्तानं अंधारातच बेंजो खोळीत घातला होता.

पुढच्या वर्षी बैठकीत एकानं विचारलं, "दत्ताचं काय? दोन गाण्यांना वाजवलं म्हणायचं का?" मोहननं वेळ घेतला नाही. "स्टेजवर चढला, टाळ्या घेतल्या, नारळ घेतला. वाजवलं."  दुसऱ्या कोणाची पार्टी असती तर त्यानं तिला पुन्हा उभं केलं असतं, याची बैठकीतल्या प्रत्येकाला खात्री होती. सख्खा भाऊ होता, म्हणून केलं नाही. भावासाठी दुसऱ्याच वर्षी नियम वाकवला असं लोकांनी म्हणू नये, एवढंच त्याला हवं होतं. मलाही ते पटलं. बातमीदाराला असली माणसं आवडतात.

त्याच वर्षी त्यानं एक प्रथा घातली. गेल्या वर्षी ज्यांनी वाजवलं, त्यांनी यंदाच्या पथकांची वाद्यं स्टेजवर नेऊन द्यायची. जुन्यांचं येणं तुटू नये, हा हेतू. बहुतेक पथकं एक वर्ष येत, वाद्यं उचलत, मग पांगत. दत्ता मात्र दर वर्षी आला. कोणाचा ड्रम, कोणाचा कीबोर्ड, कोणाचा तो अवजड तुतारीसारखा बाजा, खांद्यावर घेऊन तो जिना चढायचा, ठेवायचा आणि उतरायचा. मुलं त्याला हमाल समजून "काका, सांभाळून हां" म्हणायची. "सांभाळतो बाबा, तुमच्यापेक्षा माझी जास्त वर्षं गेलीत यात," असं तो हसून सांगायचा. मोहन तेव्हा आसपास नसायचा. दुसऱ्या वर्षापासून जनरेटर येऊ लागला, आणि कार्यक्रम सुरू झाला की तो समोरच्या खुर्च्यांत कधी दिसला नाही. स्टेजच्या मागे, जनरेटरच्या शेजारी, घरून आणलेल्या निळ्या प्लास्टिकच्या स्टुलावर तो बसलेला असे. मी एका बातमीत त्याला 'पडद्यामागे राहणं पसंत करणारा संयोजक' म्हटलं होतं. कार्यक्रम संपल्यावर पथकं त्याला शोधत मागे यायची. कसं झालं दादा, म्हणून विचारायची. तो प्रत्येकाला सांगायचा, "मस्त झालं."

नियमावर दर वर्षी वाद व्हायचा आणि दर वर्षी मोहन जिंकायचा. दादरचं एक पथक आमच्या स्टेजवरून गेलं आणि पुढे नावारूपाला आलं. त्यांना परत बोलवा, मैदान भरेल, असं सगळे म्हणत होते. मोहन म्हणाला, "त्यांना आता सगळे बोलवतात. आपण कशाला? मैदान भरायला नाही ठेवलेलं हे." युक्तिवाद बिनतोड होता. त्याला उत्तर दिलेलं मी एकदाच ऐकलं, तेही दत्ताकडून. त्यांच्या घरी जेवायला बसलो होतो. दत्ता ताटातली नजर न काढता म्हणाला, "दादा, पहिल्यांदा वाजवताना माणूस घाबरून वाजवतो. कुठे चुकलं ते घरी गेल्यावर कळतं. मग सुधारायचं ते कोणाला ऐकवायला?" मोहनची बायको सुनंदावहिनी भात वाढत होत्या, त्यांचा हात तसाच राहिला. मोहन म्हणाला, "दुसरीकडे वाजव की." दत्ता म्हणाला, "वाजवतोच आहे. इथलं बोलतोय मी." मग वहिनींनी आमटी कोणाला हवी ते विचारलं...

मोहनला शेवटचं भेटलो ते त्याच्या घरीच. छातीच्या दुखण्यानंतर डॉक्टरांनी त्याला विश्रांती सांगितली होती. खिडकीशी बसून तो यंदाच्या तयारीचं बोलत होता. वहिनी चहा करायला आत गेल्या तसा आवाज उतरवून म्हणाला, "काय रे पत्रकार, एक विचारू? दत्ताला घेऊ का यंदा?" मग स्वतःच म्हणाला, "बोटं आखडायला लागलीत त्याची. आणखी एखादं वर्ष वाजवेल. मग नाही." मी त्याला जे सांगितलं ते शब्दशः देतो, कारण त्यानंतर ते मी स्वतःला बरेचदा ऐकवलं आहे. "नियम मोडायचा तर सगळ्यांसाठी मोड. पहिला फायदा सख्ख्या भावाला दिलास तर इतकी वर्षं ज्यांना नाही म्हणालास, त्यांना काय सांगशील?" वाक्य चांगलं होतं. अग्रलेखात चाललं असतं. मोहननं माझ्याकडे पाहिलं, "बरं," म्हणाला आणि मंडपवाल्याचा विषय काढला. तो सल्ला मागत नव्हता. कोणीतरी हो म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं, आणि घरातल्या कोणाकडे ते मागता येत नव्हतं. हे मला चाळीचा जिना उतरतानाही कळलं नाही.

बाराव्यानंतर भेटायला गेलो तेव्हा बोलण्याच्या ओघात मी वहिनींना म्हणालो, मोहनला कधी पुढे पुढे करायला आवडलं नाही, मागेच बसायचा. वहिनींनी माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं. "मागे बसायला आवडायचं कसलं, भावजी? लाइट जाईल म्हणून बसायचे. जनरेटर बंद पडला तर माणूस जवळ हवा म्हणायचे. आमच्या दत्ताभावजींचं झालं तसं दुसऱ्या कोणाचं होता कामा नये." मग कोपऱ्यात उपड्या ठेवलेल्या निळ्या स्टुलाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "यंदा ते कोण नेणार, बघा तुमचं तुम्ही."

महोत्सव रद्द करू नये, यावर समितीत दुमत नव्हतं. शेवटच्या संध्याकाळी दत्ताला घ्यावं, मोहनची आठवण म्हणून, हेही सगळ्यांनी एका आवाजात ठरवलं. ते इतक्या सहज ठरलं की कोणी कोणाच्या डोळ्यांत पाहीना. जी गोष्ट इतकी वर्षं अशक्य होती ती चहा गार व्हायच्या आत झाली, आणि तिच्या आड येणारा एकटाच माणूस खोलीत नव्हता. दत्ताला निरोप द्यायचं काम माझ्याकडे आलं. त्यानं ऐकून घेतलं. "आता कित्याक?" म्हणाला, म्हणजे आता कशाला. मालवणीत तो माझ्याशी सहसा बोलत नाही. "दादा होता तेव्हा नाय बोलावलात. आता तो गेला नि नियम मोडला म्हणजे लोक काय म्हणतील, तोच आड होता म्हणून. त्याच्यावर कशाला ढकलता?" मी म्हटलं, मग नको का? त्यानं बोटं चोळली. मग म्हणाला, "परत बोलावू नका मला. माझं तिसरं गाणं राहिलंय... उरलेलं वाजवतो."

यानं नियम मोडत नव्हता. दत्ता परत येत नव्हता, त्याचं संपलंच नव्हतं. एवढी साधी गोष्ट होती. शब्द तोलण्याच्या धंद्यात माझी हयात गेली, आणि खिडकीशी बसलेल्या मोहननं विचारलं तेव्हा ही मला सुचली नाही. सुचली असती तर तो यंदाची तयारी वेगळ्या आनंदात करत गेला असता. बाकी काही बदललं नसतं, हे मला माहीत आहे. पण तेवढं बदललं असतं.

गेल्या महोत्सवात वाजवलेल्या कॉलेजच्या मुलांनी प्रथेप्रमाणे दत्ताच्या पार्टीची वाद्यं वर नेली. पहिल्या वर्षी ही प्रथा नव्हती, त्यामुळे त्याचं सामान दुसऱ्या कोणी उचलण्याची ही पहिलीच वेळ. बेंजो मात्र त्यानं कोणाच्या हाती दिला नाही. नारळ पुढे केला तेव्हा हात जोडून म्हणाला, "तो तेव्हाच मिळालाय." मग तो वाजवायला बसला. ते मी स्टेजच्या मागून, कापडाच्या फटीतून पाहिलं, कारण निळं स्टूल मी घेऊन आलो होतो आणि त्यावर बसायचं मी ठरवलं होतं. बसलो. जनरेटर सुरू होता. त्याच्या धडधडीत समोरचं काहीच ऐकू येत नव्हतं. बेंजो नाही, ढोलकी नाही, टाळ्यासुद्धा नाहीत. स्टेजच्या फळ्या मधूनमधून थरथरत, त्यावरून वर काहीतरी चाललंय एवढं कळत होतं. पहिलं वर्ष सोडलं तर मोहननं त्याच्या महोत्सवातलं एकही पथक ऐकलं नव्हतं.

दिवे गेले नाहीत. दत्ता उतरून मागे आला, घामानं निथळत, उजव्या हाताची बोटं डाव्या हातानं चोळत. मी त्याला पाणी दिलं. त्यानं मला काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी स्टूल परत द्यायला लालबागला गेलो. दुखवट्यामुळे वहिनी मैदानावर आल्या नव्हत्या. त्यांनी स्टूल माझ्या हातातून घेतलं, पदरानं पुसलं आणि होतं तिथे कोपऱ्यात उपडं ठेवलं. मग विचारलं, "कसं वाजवलं भावजींनी?"

"मस्त झालं," मी म्हणालो.

वहिनी स्टुलाकडे पाहत राहिल्या. "म्हणजे तुम्हीपण तिथेच बसला होतात," त्या म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.