सागाच्या रानातला उतार

दिवाळीच्या आधी हदगावच्या पुढचं सागाचं रान सायकलसाठी मोकळं होतं. पावसाळाभर तिथल्या वाटांवर चिखल असतो. पाऊस उघडला की तो वाळून कडक होतो आणि बैलगाड्यांच्या चाकोऱ्या उंच गवताखाली लपून राहतात. त्यामुळे हंगामाची पहिली फेरी जरा जोखमीचीच. तरी माझी लेक दरवर्षी त्या फेरीची वाट बघायची. जाड टायरच्या दोन सायकली गाडीच्या मागे बांधून आम्ही नांदेडहून सकाळीच निघायचो.

त्या वर्षी ती दहावीत होती आणि मी तिला एक गोष्ट सांगायला रानात नेत होतो. दहावीनंतर लातूर. दोन वर्षं वसतिगृह, डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा आणि तोवर सायकल बंद. घरात हा विषय काढला की ती उठून जायची. रानात तिचा मूड चांगला असतो, निदान ऐकून तरी घेईल, एवढाच माझा भरवसा.

मी मूळचा लातूरकडचा, भूकंपाच्या पट्ट्यातल्या एका खेड्यातला. भूकंप झाला तेव्हा शाळेत होतो. घर गेलं, माणसं वाचली. पुढं पत्र्याच्या शेडमध्ये राहून दहावी केली. मग एका सरांनी मला लातूरला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं, क्लासला बसवलं. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. आज नांदेडला एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवतो, ते त्या सरांचे आणि त्या शहराचे उपकार. लातूरला नाक मुरडणारी माझी मुलगी म्हणूनच मला कृतघ्न वाटायची.

भूकंपानं आमच्या भागातल्या माणसांना काही सवयी लावल्या. कित्येक घरांत अजून दाराला आतून कडी लागत नाही. जमीन गुरगुरली की काय हललं ते बघत थांबायचं नाही. हातातलं टाकायचं आणि मोकळ्यावर पळायचं. आम्हा पोरांकडून हे इतक्या वेळा करून घेतलं होतं की विचार करायच्या आधी पाय सुटतात.

त्या दिवशी लांब उतार लागला. मी पुढं, ती मागं.

“पप्पा, ब्रेक सोडा ना! उतारावर ब्रेक दाबून कोण बसतं?”

“चाकोरी दिसत नाही, बेटा.”

“हळू गेलं तर जास्तच अडकतं. तुम्ही तर सायकललाही धडा समजावून सांगत चालवता.”

मी हसलो. म्हटलं, आता बोलावं. “दहावीनंतरचं बोलायचं होतं.”

“माहीत आहे. लातूर.” तिचा आवाज अगदी जवळून आला. “माझं ऐकणार का पण? मी नांदेडला राहूनही—”

तेवढ्यात जमीन गुरगुरली. आवाज कानाआधी पायांत आला. मी सायकल तिथंच वाटेवर आडवी टाकली आणि झाडांखालून समोरच्या मोकळ्या तुकड्याकडे धावत सुटलो. मागं लेक आहे हे मला आठवलं ते तिची किंकाळी ऐकल्यावर. ती माझ्या सायकलीवर आदळून पलीकडे पडली होती. उजवं मनगट भलत्याच कोनात वळलं होतं.

शेळ्या चारणारा एक म्हातारा धावत आला. “काय झालं हो सायेब? कशाला पळाले?”

“जमीन हलली.”

“सुरुंग हाय तो! पलीकडं खाण हाय, रोज या टायमाला उडतो. माझ्या शेळ्या सुदिक पळत न्हाईत.” तो हसला. मग माझ्याकडं नीट बघून म्हणाला, “कुठले तुम्ही?”

“लातूरकडचा.”

त्याचं हसणं थांबलं. “असं व्हय. माझी बहीण दिली हाय तिकडं.” त्यानं सागाच्या दोन काटक्या मनगटाला लावल्या आणि खांद्यावरची दस्ती फाडून घट्ट बांधली.

गाडीत लेक बांधलेलं मनगट मांडीवर धरून बसली होती. मग म्हणाली, “आईला काय सांगायचं?”

मी म्हणालो, “चाकोरीत चाक अडकलं म्हण.”

“बरं,” ती म्हणाली.

प्लास्टर घालून घरी पोचलो, तर बायकोनं तिला फैलावर घेतलं. “दहावीच्या वर्षी हात मोडून आली! सायकल आत्ता गच्चीवर टाका. परत नाव काढायचं नाही.” लेक डाव्या हातानं जेवत राहिली, एकदाही माझ्याकडं बघितलं नाही. जे मला रानात सांगायचं होतं ते परस्पर होऊन गेलं होतं. मी तिची सायकल गच्चीवर नेऊन ठेवली आणि गप्प बसलो. असा चार दिवस गप्प बसलो.

पाचव्या दिवशी ती डाव्या हातानं माझ्याच विषयाची वही लिहीत होती. अक्षरं पहिलीतल्या पोरासारखी. बायको म्हणाली, “भोग आता. बापानं सांगितलं असेल हळू चालव म्हणून, ऐकलं असशील का तू?”

“ती पडली नाही,” मी म्हणालो. “मी पाडलं तिला.” आणि सगळं सांगितलं, सुरुंगापासून गाडीत शिकवलेल्या खोट्यापर्यंत.

बायको माझ्याकडं वळली. “म्हणजे चार दिवस माझी बोलणी पोरीला खाऊ दिलीत?” मग म्हणाली, “तिची सायकल खाली आणा. तुमची चढवा वर.”

“राहू दे, आई,” लेक वहीतून मान वर न करता म्हणाली. “मी जाते लातूरला.”

“आता काय झालं?” बायकोनं विचारलं.

“पप्पांच्या मागून चालवायची भीती वाटते.”

जूनमध्ये मी तिला लातूरला सोडायला गेलो. मनगट बरं झालं होतं, मूठ मात्र अजून पुरती वळत नव्हती. वसतिगृहाच्या खोलीत तिचं सामान लावून दिलं. निघताना राहवलं नाही, विचारलं, “सायकल आणून देऊ का इथं?”

“इथं कुठं रान आहे, पप्पा?” ती म्हणाली.

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. समोरच्या भिंतीवर क्लासच्या पाट्याच पाट्या होत्या. त्यांतल्या कुठल्या क्लासला तिला आधी न्यायचं ते मी खिशातल्या कागदावर लिहून आणलं होतं. तो कागद मी तिच्या हातात दिला.