भिंत उनी का?

अण्णा गेल्याची बातमी आम्हाला ओल्या अंगानं कळली. सकाळच्या बॅचचे फोन लॉकरमध्ये असतात. त्या दिवशी सगळ्यांचं पोहून झालं तरी आम्ही नाशिक महापालिकेच्या तलावात गळ्याइतक्या पाण्यात कुडकुडत उभे होतो आणि सलीमभाई वैतागून म्हणत होते, "अण्णांचं आज अतीच होतंय. यायचं नव्हतं तर कळवायला काय जातं?" आमच्या मास्टर्स क्लबाचा कायदा एकच होता. शेवटचा माणूस भिंतीला हात लावेपर्यंत कुणी पाण्याबाहेर यायचं नाही. आणि शेवटचा माणूस कायम भिकाअण्णा बच्छाव. ते यायचे उशिरा, पोहायचे त्याहून उशिरा. शेवटी पुढच्या बॅचनं हाकललं, लॉकर उघडले, तेव्हा त्यांच्या मुलाचा, विजयदादांचा निरोप दिसला. अण्णा पहाटे झोपेतच गेले होते...

अण्णांची माझी ओळख भांडणातून झाली. माझे वडील अंबडच्या कारखान्यांच्या गेटवर पत्रकं वाटायचे. मी वाचायला शिकले तीच त्या पत्रकांवर. त्यामुळे तलावावर 'महिलांसाठी वेळ : दुपारी' अशी पाटी दिसल्यावर मी दुसरं काय करणार? 'पाणी कुणाच्या बापाचं?' असं पत्रक छापलं आणि फाटकाशी उभी राहिले. लोक ते घेऊन त्यात चप्पल गुंडाळत होते. खांद्यावर लाल टॉवेल टाकलेले एक पंचाहत्तरीचे गृहस्थ मात्र थांबले. त्यांनी पत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, उलटून कोरी बाजूही पाहिली.

"पोरी, सगळं खरं आहे. पण तुला पोहता येतं का?"

"नाही."

"मग पाण्यावरचा हक्क कोरडीच मागशील?"

मी संतापून पत्रकातला पहिला मुद्दा मोठ्यानं वाचायला लागले. तोवर ते मला मॅनेजरपुढे घेऊन गेलेसुद्धा. आयुष्यभर सटाण्याला कांद्याचा व्यापार केलेला माणूस, बोलायला काय कमी असणार! "साहेब, आम्ही गडी सकाळच्या गारव्यात पोहायचं आणि बायांनी भर उन्हात? अहो, कांदासुद्धा आपण सावलीत ठेवतो." मॅनेजर आधी हसला, मग ओशाळला, आणि आठवड्याभरात पाटी उतरली. माझ्या दोन पानी युक्तिवादाचं काम एका कांद्यानं केलं, हे मी अजून मनातून माफ केलेलं नाही. पण पाटी उतरली त्या सकाळपासून बाया आल्या. आधी मी, मग माझी आई, मग आईचं अख्खं भिशी मंडळ. एका लेनमध्ये मावणारा क्लब तीन लेनमध्ये मावेना.

अण्णा उताणे पोहायचे, तेही डोळे मिटून. जमिनीवर ते चारचौघांसारखं मराठी बोलायचे, पण पाण्यात शिरले की निव्वळ अहिराणी. "मराठी बोलायला पाय टेकलेले लागतात," म्हणायचे. निम्म्या वाटेत त्यांची हाक यायची, "भिंत उनी का?" म्हणजे भिंत आली का. त्यांना धीर यावा म्हणून सगळे ओरडायचे, "उनी, उनी!" अण्णा विश्वासानं हात लांब करायचे, हाताला काहीच लागायचं नाही, आणि घोटभर क्लोरीन पोटात जायचं. मला ही चक्क फसवणूक वाटायची. मी एकटी सांगायची, "नाही अण्णा, अजून अर्धा तलाव आहे." मग ते लेनची दोरी धरून दम खायचे आणि जाहीर करायचे, "या क्लबात ही एकच पोर खरं बोलस."

मग आमच्याच तलावावर मास्टर्स, म्हणजे मोठ्या वयाच्यांची, स्पर्धा ठरली. तिथे रिलेतल्या चौघांच्या वयांची बेरीज करून गट पाडतात; संघ जितका म्हातारा, तितके समोर प्रतिस्पर्धी कमी. त्यामुळे अण्णा आमचा हुकमाचा एक्का. मिश्र रिलेत दोन बायका लागतात म्हणून आईबरोबर मी, आणि चौथे सलीमभाई. "ताई, तुमच्यामुळे संघ उगाच तरुण झाला," असं ते मला रोज ऐकवायचे.

त्याच सुमारास अण्णा मध्येच दोरी धरून धापा टाकतात, हे विजयदादांना कुणीतरी सांगितलं. त्यांनी अट घातली : स्पर्धेत माझ्या डोळ्यांदेखत एक लांबी न थांबता पार करा, दोरी धरलीत तर टॉवेल कायमचा कपाटात. अण्णांनी ते पाण्यात असतानाच आमच्या कानावर घातलं, तेव्हा पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक झाला होता. "पदक तुमले राहू द्या. माले टॉवेल पायजे."

त्या दिवशी आम्ही तिघं पोहून स्पर्धेच्या नियमानं काठावर आलो, बाकीचे संघ संपले, आणि तलावात एकटे अण्णा उरले. निम्म्यात हाक आली, "भिंत उनी का?" लाउडस्पीकर कोकलत होता. आमचं ओरडणं त्यांना ऐकू जाईना. पुन्हा हाक आली. मग त्यांचा हात दोरीकडे सरकला... आणि इस्त्रीच्या शर्टातले विजयदादा काठावरून धावत सुटले. "अण्णा, दोरी धरू नका! नही उनी! अजून नही उनी!" ओल्या फरशीवर पाय सरकला आणि दादा फोनसकट पाण्यात. अट घालणाऱ्या या माणसाला पोहता येत नव्हतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. आम्ही तिघांनी उड्या मारल्या. आम्ही दादांना बखोटीला धरून काढत होतो, तेव्हा शेजारून अण्णा दोरी न धरता, डोळे मिटून संथपणे भिंतीला लागले.

शर्यत चालू असताना बाकीचे खेळाडू पाण्यात उतरले म्हणून आमचा संघ बाद झाला. मी ओल्या कपड्यांत पंचांपुढे भाषण ठोकलं की बुडत्याला वाचवणं हा गुन्हा असेल तर असले नियम जाळून टाकले पाहिजेत. अण्णांनी पाण्यातूनच मला थांबवलं. "बाद तर बाद. हात लागना ना भिंतले?"

"लागला, अण्णा," खोकत विजयदादा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःचा टॉवेल घेऊन आले. बाद झालेल्या संघाची गोष्ट नाशिकभर झाली आणि ती ऐकून माणसं येत राहिली. पदक मिळालं असतं तर इतकी आली नसती, असं माझं स्पष्ट मत आहे.

तेराव्यानंतर विजयदादा पुन्हा आले. अण्णांनीच शिकवलेलं, त्यामुळे तेही उताणेच पोहतात. आता शेवटचे तेच असतात. कठड्यावर अण्णांचा लाल टॉवेल होता. आम्ही सगळे पाण्यात उभे. पाण्यावर दादांच्या हातांचा आवाज येत होता. आणि मग, डोळे मिटूनच, त्यांनी विचारलं, "भिंत उनी का?"

भिंत त्यांच्या डोक्यापासून हातभर अंतरावर होती. एरवी अर्ध्या तलावातून "उनी, उनी" ओरडणाऱ्या सलीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच.

"नही उनी," मी म्हणाले. "सावकाश या."

ठक्क!

"अहो ताई! उनी ना!" दादा टाळू चोळत ओरडले, आणि सगळा तलाव हसला. दुसरा हात त्यांनी भिंतीला लावला. मग आम्ही एकेक करून बाहेर आलो.