कडक बुटांतली अकरा वर्षं

"मॅडम, तुम्ही चुकीचे बूट घेतलेत."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की समोरच्याने तोंड उघडण्याआधीच मला त्याचा वास येतो. आमच्या दुबईत एका मॉलमध्ये बर्फाचा उतार आहे. बाहेर पाय भाजतील असं ऊन आणि आत छताखाली खराखुरा बर्फ, वर न्यायला खुर्च्यांची लिफ्ट. खाली यायला दोन वाटा. दोन्ही पायांना लांब पट्ट्या लावून स्की करा, नाहीतर एकाच फळीवर उभे राहून स्नोबोर्ड. स्कीवाल्यांचे बूट कडक प्लॅस्टिकचे, बकलांचे, चालताना टकटक वाजणारे. फळीवाल्यांचे मऊ, नाडीचे. काउंटरवर नवीन लागलेल्या पोरांना पहिल्याच दिवशी हा फरक शिकवतात. आणि मग मी येते, पन्नाशी ओलांडलेली, हेल्मेटखाली स्कार्फ बांधलेली, एका हातात फळी आणि दुसऱ्या हातात कडक बूट. पोरं गोंधळतात. मी त्यांना समजावते, जरा जास्तच जोरात.

राग माझ्या नाकावर असतो हे मला मान्य आहे. माझी मुलगी म्हणते, "अम्मी, यू स्केअर देम." हे ती मला नंतर, गाडीत बसल्यावर सांगते. काउंटरवर माझं भांडण चालू असताना ती दहा पावलं लांब उभी राहून फोनमध्ये बघत असते, जणू ही बाई कोण, कुठली, तिला ठाऊकच नाही.

खरं तर हे सगळं तिच्यामुळेच सुरू झालं. ती सहा वर्षांची असताना तिला इथे स्नोबोर्डच्या क्लासला घातलं. मी काचेपलीकडे चहा घेऊन बसायची. मी रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची. आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे अंगावर दुसरी गोधडी. बर्फ मी पाहिला होता तो मासळीच्या पेटीत. एका दातांच्या दवाखान्यात माझी रिसेप्शनची नोकरी, ड्यूटी दुपारनंतरची, त्यामुळे सकाळ मोकळी. दोन महिने नुसतं बघून कंटाळा आला, तेव्हा एक दिवस पोरीच्याच शिक्षकाला म्हटलं, मलाही शिकव. नवऱ्याला हे आठवड्याने कळलं, ते माझ्या गुडघ्यावरच्या निळ्या डागामुळे.

मऊ बुटांत मी पडत, धडपडत शिकत होते तेव्हा एक म्हातारा इंजिनियर सकाळी यायचा, आल्प्सकडचा, ठेंगणा, माझ्याएवढाच. त्याची फळी अरुंद होती, पायात स्कीचे असतात तसे कडक बूट, आणि पावलं आडवी नाहीत, जवळजवळ समोर. बाकीचे उतरताना बर्फ खरवडत यायचे, खर्र खर्र. हा यायचा तेव्हा आवाजच नाही. फळी कडेवर उभी करून वळायचा, इतका वाकून की हात बर्फाला लागेल, आणि मागे राहायची ती फक्त एक बारीक रेघ, विळीने केळीचं पान चिरावं तशी. एकदा क्लासनंतर काचेपलीकडे बसून मी ती रेघ पाहिली आणि चहा हातातच थंड झाला.

तोच माझा गुरू. लिफ्टच्या खुर्चीत शेजारी बसून मला सांगायचा की हे बूट काही त्याचं एकट्याचं खूळ नाही, ही जुनी वाट आहे. त्याच्या डोंगरात पहिल्यांदा बर्फावरच्या फळ्या आल्या तेव्हा फळीचे म्हणून बूटच नव्हते. ज्याच्या घरी जे होतं ते त्याने घातलं, आणि त्यांच्याकडे घरोघरी स्कीचे आणि डोंगर चढायचे कडक बूट पडलेले. म्हणजे फळी तिकडे पोचली तेव्हापासून माणसं कडक बुटांत फळी चालवताहेत, चाळीसएक वर्षं तरी झाली. पुढे मऊ बूट आले, आरामाचे, उड्या मारायला सोपे, आणि सगळे तिकडे वळले. कडक बूट उरले शर्यतवाल्यांकडे आणि काही हट्टी लोकांकडे. हट्टी म्हणताना तो माझ्याकडे बघून हसायचा. निवृत्त होऊन मायदेशी निघाला तेव्हा आपली जुनी फळी आणि बूट माझ्या स्वाधीन करून गेला. बूट माझ्या पायाला असे बसले, जणू माप घेऊन केले होते.

त्याला अकरा वर्षं झाली. जगभरातल्या कडक बूटवाल्यांचा एक ग्रुप आहे फोनवर, म्हाताऱ्यानेच मला त्यात घातलं. तिथे मधूनच कुणीतरी विचारतं, तुम्ही किती वर्षं कडक बुटांत? उत्तरं येतात, तीस, पस्तीस, लग्नाच्या आधीपासून. मी लिहिलं, अकरा वर्षं, वाळवंटात, छताखाली, डोंगर अजून पाहिलेला नाही. पहिल्यांदा लोकांना वाटलं बाई गंमत करतेय. मग मी माझा उतरतानाचा व्हिडिओ टाकला. त्यानंतर गंमत कुणाला वाटली नाही. माझी छाती त्या दिवशी दोन इंच फुगली होती, आणि अजूनही आठवलं की फुगते.

गेल्या ऑगस्टमध्ये उताराच्या दाराशी नवा बोर्ड लागला. फळीवर फक्त मऊ बूट चालतील. झालं असं होतं की कुणा पर्यटकाने भाड्याने घेताना स्कीचे बूट उचलले आणि भाड्याच्या फळीच्या पट्ट्यांत तसेच कोंबले. पट्टा सुटला, गुडघा पिरगळला. सेफ्टीला एक नवीन बाई आली होती, कडक शिस्तीची, हसणं माहीत नसलेली. मी तिच्याकडे गेले. म्हटलं, माझ्या फळीवर पट्टे नाहीत, कडक बुटांसाठी केलेल्या लोखंडी पकडी आहेत, बूट त्यात खटकन बसतो, हा प्रकारच वेगळा आहे. ती शांतपणे ऐकून घेत होती, आणि त्यानेच माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. शेवटी म्हणाली, शुक्रवारी सकाळी, उतार उघडायच्या आधी या. माझ्यासमोर खाली येऊन दाखवा. मला पटलं तर तुम्हाला परवानगी, नाही पटलं तर खलास.

मऊ बूट घालून उतरता आलं असतंच की, असं कुणीही म्हणेल. नवराही म्हणाला. पण माझ्या आयुष्यात ही एकच गोष्ट अशी होती जी मला कुणी करायला सांगितली नव्हती, कुणी लादली नव्हती, मीच उचलली होती. तीच कुणी काढून घेणार म्हटल्यावर माझा जीव टांगणीला लागला.

आणि त्यात नवऱ्याने मदत केली.

मंगळवारी सरावाहून आले तेव्हा बूट आतून ओले होते. बूट गाडीच्या डिकीत राहिले, गाडी बुधवारी नवरा घेऊन गेला. त्याचं ऑफिस अल क्वोजला, कार्गो कंपनीत. पार्किंग उघड्यावर. आता आम्ही कोकणातली माणसं. आमच्याकडे ऊन दिसलं की काहीतरी वाळत घालायचंच. सोडे, आमसुलं, आंबोशी, गाद्या, उशा, सगळं उन्हात. बायकोची परीक्षा आहे, तिचे बूट ओले आहेत, आणि वर दुबईचं ऑगस्टमधलं ऊन फुकट चाललंय, हे त्याला बघवलं नाही. त्याने बुटांची बकलं उघडली, तोंडं फाकवली, हवा लागावी म्हणून आत टॉवेलच्या घड्या कोंबल्या आणि बूट मागच्या काचेखाली ठेवून दिले. दोन दिवस.

गुरुवारी संध्याकाळी त्याने मोठ्या कौतुकाने ते माझ्यासमोर ठेवले. "बघ, एकदम ड्राय. पापडासारखे."

मी पाय घातला आणि बकल लावायला गेले. बकल पोचेना. समोरचे दोन प्लॅस्टिकचे पदर एकमेकांवर यायला हवेत, ते वासरांसारखे दोन दिशांना तोंड करून उभे. बंद गाडीत प्लॅस्टिक नरम झालं होतं आणि टॉवेलने त्याला तसंच फाकवून ठेवलं होतं. हे बूट काढले की आधी बकलं लावायची, मग ठेवायचे, हे मी अकरा वर्षं पाळत आले होते. घरात कुणाला ते सांगायची कधी वेळच आली नव्हती.

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. मुलगी खोलीतून बाहेर आली, बूट बघून म्हणाली, "अम्मी, जस्ट वेअर नॉर्मल बूट्स लाइक एव्हरीवन." त्यावर मी जे बोलले तेही लिहीत नाही.

नवरा उठला, स्वयंपाकघरात गेला आणि बिर्याणीचा मोठा टोप काढला.

"काय करताय?"

"गरम करून बिघडलंय ना? मग गरम करूनच सरळ होणार. तू फक्त पाणी किती गरम ते बघ, उकळू देऊ नको."

इथे एक सांगायला हवं. इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणीही गावी निघालं की खोका बांधायला माझ्या नवऱ्याला बोलावतात. पंचवीस वर्षं तो खोके बांधतोय. टीव्ही, मिक्सर, दुधाच्या पावडरीचे डबे, ब्लँकेटं, काहीही असो. नायलॉनची दोरी तो अशी फिरवतो, गुडघा लावून अशी आवळतो, की विमानतळावर आपटा, पट्ट्यावर फेका, गाठ हलत नाही. गल्फमधल्या माणसाचं सगळं प्रेम शेवटी त्या दोरीवर लटकलेलं असतं. मी आजवर त्या कलेला कधी भाव दिला नव्हता.

बुटांतलं आतलं अस्तर काढलं आणि रिकामे सांगाडे टोपात उभे केले. आमच्या बिर्याणीच्या टोपात स्नोबोर्डचे बूट. प्लॅस्टिक जरा नरम झालं तसं त्याने एकेक बूट टॉवेलने धरून बाहेर काढला, पुसला, पदर एकमेकांवर आणले, बकलं खेचून लावली आणि वरून दोरी चढवली. टाचेपासून नडगीपर्यंत, गुडघा लावून. "धर इथे," म्हणाला, आणि मी तिथे बोट ठेवलं, तशी माझ्या बोटावरून शेवटची गाठ बसली. मग दोन्ही बूट एसीसमोर. हुबेहूब गावी निघालेले दोन छोटे खोके. फक्त मार्करने नाव आणि तालुका घालायचा राहिला होता.

"सॉरी," तो म्हणाला.

"सकाळी बघू," मी म्हटलं. राग पुरता गेला नव्हता.

सकाळी त्याने गाठी सोडल्या. मी पाय घातला, बकल ओढलं आणि ते खट्ट करून बसलं. डावा थोडा आवळत होता, पण बसला. मी त्याच्याकडे बघितलं तर त्याने तोंड फिरवून दोरीचं बंडल करायला घेतलं होतं. या माणसाचा मला फार अभिमान वाटला.

उतारावर त्या सकाळी कुणी नव्हतं. रात्री यंत्राने सारखा केलेला बर्फ, त्यावर एकही खूण नाही. खाली सेफ्टीची बाई, काचेपलीकडे नवरा आणि मुलगी. मुलीला मी बोलावलं नव्हतं, ती गाडीत येऊन बसली होती. वर पोचून मी पकडी खटकन लावल्या. मग फळी सरळ सोडली, वेग घेऊ दिला आणि पहिल्या वळणाला कडेवर टाकली. कडक बुटांची मजा हीच की घोट्याला डुलायची मुभा नसते. तुम्ही वाकलात की फळी वाकते, मध्ये कुणी दलाल नाही. डाव्या पायाला आवळलेलं प्लॅस्टिक टोचत होतं आणि ते मला आवडत होतं. डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. आवाज नाही. खाली येऊन थांबले तेव्हा हातमोज्याला बर्फ लागलेला होता.

सेफ्टीच्या बाईने माझ्याकडे बघितलंच नाही. ती वर उतारावर बघत होती. कोऱ्या बर्फावर वरपासून खालपर्यंत एक बारीक रेघ होती, कुठेही न फाटलेली, आणि ती माझी होती.

"किती वर्षं चालवताय हे बूट?" तिने विचारलं. मी सांगितलं. तिने मान हलवली आणि म्हणाली, काउंटरला कळवते. हसली नाही, पण मला चालण्यासारखं होतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही मायलेकी गेलो. काउंटरवर आणखी एक नवीन पोरगा. त्याने माझे बूट बघितले, माझी फळी बघितली, आणि तोंड उघडलं.

"मॅडम, तुम्ही चुकीचे..."

मी बाह्या सरसावल्या. मुलगी सवयीने दहा पावलं पुढे गेलीच होती. तिथून ती परत आली, काउंटरवर कोपर टेकलं आणि म्हणाली, "दे आर नॉट राँग. शी इज माय मदर. शी हॅज बीन रायडिंग इन दोज सिन्स आय वॉज सिक्स."

पोराने सॉरी म्हणून माझा पास पुढे केला. मला भांडायला काही उरलं नव्हतं. मी बूट उचलले आणि लेकीच्या मागून चालू लागले.