अण्णांचं 'सरी'

आमचा पक्ष केव्हाच बुडाला, किस्से मात्र अजून तरंगतायत. बसवनगुडीत चार जुनी माणसं भेटली की एकेक निघतो आणि सगळे पोट धरून हसतात. मला हसू येत नाही. त्या पक्षात मी माझी उमेदीची वर्षं घातली, मला अजून संताप येतो.

भाषावार राज्यं होत होती तेव्हाची गोष्ट. घरात मराठी आणि दाराबाहेर कन्नड बोलणाऱ्या आम्हा लोकांना कुणीच विचारत नव्हतं, म्हणून हा पक्ष निघाला. पुढारी तिम्मोजीराव, सगळ्यांचे अण्णा. कचेरी म्हणजे कापडदुकानावरची एक खोली. तिच्यात पुढाऱ्यांसाठी एक बाक, बाकीच्यांना जमखाना आणि आम्हा बायकांना जमखान्याचा दाराकडचा कोपरा.

* * *

आमच्याकडे मतदान नव्हतं, 'सरी' होतं. अण्णा ठराव सांगायचे, चष्म्यावरून बघायचे आणि विचारायचे, "सरी?" म्हणजे ठीक ना? जमखाना म्हणायचा, "सरी." झाला ठराव पास.

एकदा बैठकीत अण्णांना डुलकी लागली. पंख्याच्या आवाजाने दचकून उठले आणि सवयीने म्हणाले, "सरी?" सगळे म्हणाले, "सरी." त्या दिवशी एकमताने काय पास झालं, ते आजतागायत कुणाला ठाऊक नाही. यालाच हे लोक लोकशाही म्हणत होते!

* * *

एका जाहीर सभेत अण्णा गरजले, "महाराजांचं राज्य गेलं. आमच्या पक्षात घराणेशाहीला जागा नाही!" मागे खुर्च्यांवर त्यांचा भाऊ, मेहुणा आणि पुतण्या.

गर्दीतून कुणीतरी विचारलं, "मग हे तिघं भाड्यानं आणलेत काय?"

अण्णांनी त्या माणसाला शोधून काढायला एक समिती नेमली. अध्यक्ष मेहुणा.

* * *

पक्ष खरा उभा केला तो गंगक्काने. ही विधवा बाई पायात वहाण न घालता गल्ल्या तुडवायची. एका घरात मराठी, शेजारच्या घरात कन्नड, आणि दोन्हीकडे थेट चुलीपाशी. कॉर्पोरेशनच्या निवडणुकीला उभं राहायचं, एवढं एकच तिच्या मनात होतं. नळाला पाणी नसलेल्या गल्ल्या तिने पाहिल्या होत्या.

अण्णा म्हणाले, "तुलाच तिकीट, गंगक्का. स्वल्प थांब की."

स्वल्प म्हणजे थोडंसं. पहिल्या निवडणुकीला मेहुणा उभा राहिला. दुसरीला भाऊ. गंगक्काचे केस पिकले, अण्णांचं स्वल्प काही संपेना. तोवर बैठकांचं उप्पीट मात्र तिच्याच हातचं.

* * *

भाऊ उभा होता तेव्हाची गोष्ट. एक म्हातारी मतदानाला गेली आणि साहेबाला विचारू लागली, "आमच्या गंगक्काचं चिन्ह कुठलं?"

साहेब म्हणाला, "या नावाचं कुणी उभं नाही."

"मग मी कशाला आले?" म्हणत म्हातारी घरी गेली. तिच्या मागोमाग तिची गल्लीही गेली.

भाऊ पडला. अण्णांनी भर बैठकीत गंगक्काला झापलं, "बायकांना नीट शिकवलं नाहीस तू." मी बाजूलाच बसले होते. मी माझी ताटली पुढे केली. गंगक्का उप्पीट वाढत राहिली.

* * *

तिसऱ्या निवडणुकीची बैठक. खोली भरलेली. बाकाच्या मधोमध अण्णा, कडेला पुतण्या. पोरगा म्हैसूरहून नुकताच शिकून आलेला. आमच्या गल्ल्यांची नावंसुद्धा त्याला सांगता आली नसती.

अण्णा म्हणाले, "या खेपेला तरुण रक्त पाहिजे. आमचा हा उभा राहील. गंगक्का काय, घरचीच आहे, स्वल्प थांबेल." मग चष्म्यावरून सगळीकडे बघून म्हणाले, "सरी?"

जमखान्यावरून आवाज आला, "सरी."

दाराकडच्या कोपऱ्यात गंगक्का उठली. हातातलं उप्पिटाचं पातेलं तिने खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि माणसांमधून वाट काढत बाकापुढे जाऊन उभी राहिली.

"सरी नाही, अण्णा," ती म्हणाली. "सरा."